साठीशांतीची कुळकथा

साठी म्हटली की निवृत्ती, पेन्शन आणि कुरकुरणारे गुडघे आठवतात. साठीशांत मात्र शरीराकडे पाहून ठरलेली नाही. ती आली पंचांगातून, आणि पंचांगात साठाचा आकडा आणला गुरूने.

गुरू ग्रहाची सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे ११.८६ वर्षांची, म्हणजे एका राशीत त्याचा मुक्काम साधारण वर्षाचा. अशा त्याच्या पाच फेऱ्या होतात तोवर शनीच्याही दोन होतात, कारण शनीची एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची. आकाशातले हे दोन संथ प्रवासी साठ वर्षांनी जवळजवळ जुन्याच जागी येऊन उभे राहतात. वेदांग ज्योतिषात युग पाच वर्षांचं होतं. त्याची गुरूच्या बारा वर्षांशी सांगड घातली, तरी साठच येतात. या साठ वर्षांना प्रभवापासून क्षयापर्यंत नावं मिळाली, तीच आपली संवत्सरं. गुरूचं वर्ष सौरवर्षापेक्षा चारेक दिवसांनी लहान, म्हणून उत्तरेत मधूनमधून एक संवत्सर गाळतात. आपल्याकडे ते गाळणं बंद पडलं आणि हिशेब सोपा झाला. शकात बारा मिळवा, साठाने भागा. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. शके १९४७ मध्ये बारा मिळवले की १९५९, बाकी ३९, विश्वावसू. १९६५च्या पाडव्यालाही विश्वावसूच लागला होता. त्या वर्षी जन्मलेल्याच्या बारशाला संकल्पात जे संवत्सर उच्चारलं गेलं, तेच त्याच्या साठीच्या संकल्पात पुन्हा उच्चारलं जातं. जन्मवर्ष माणसाला दुसऱ्यांदा भेटतं, आणि बहुतेकांना ते एवढंच एकदा भेटतं.

शास्त्रकारांनी या भेटीत आनंदाइतकीच धास्तीही पाहिली. चक्र संपलं, आता पुढचं आयुष्य मागून घ्यायला हवं, म्हणून उग्ररथ शांती. पुढे सत्तरीला भैमरथी, पंचाहत्तरीला ऐंद्री, अशी पाचपाच वर्षांच्या अंतराने शंभरीच्या महामृत्युंजय शांतीपर्यंत ही रांग जाते. या विधींत मार्कंडेयाला मान आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. ज्याच्या नशिबी सोळाच वर्षं होती आणि ज्याने महादेवाच्या पिंडीला मिठी मारून मरण परतवलं, त्या पोराकडे साठीचे आजोबा आयुष्य मागतात.

विधीतला एक क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. काशाच्या वाटीत पातळ केलेलं तूप घेतात आणि यजमानाला त्यात स्वतःचा चेहरा पाहायला सांगतात. तूप स्थिर व्हायला वेळ लागतो. वाटी किंचित हलली की कपाळ, नाक, पांढऱ्या मिशा सगळं लांबट होतं, मग सावकाश जागेवर येतं. गुरुजी घाई करत नाहीत. चेहरा नीट दिसला की ती वाटी तुपासकट दान द्यायची. त्यानंतर कलशांतल्या पाण्याचा अभिषेक, कोरी वस्त्रं आणि लेकीसुनांनी कणकेच्या दिव्यांनी केलेलं औक्षण.

घरातला हा विधी चारचौघांचा सोहळा झाला, त्यात लोकमान्य टिळकांच्या साठीचा वाटा मला मोठा वाटतो. जन्म शके १७७८चा, नल संवत्सर; शके १८३८लाही नलच. २३ जुलै १९१६ला पुण्यात त्यांचा सत्कार झाला, एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली आणि ती त्यांनी देशकार्याला दिली. त्याच दिवशी सरकारची नोटीस आली : वर्षभर नीट वागाल याची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका का घेऊ नये? पुढे हायकोर्टात ते जिंकले. बाजू मांडायला बॅरिस्टर जिना होते.

ऐंशीनंतर हिशेब गुरूकडून चंद्राकडे जातो. हजार पौर्णिमा पाहिलेला माणूस, म्हणून सहस्रचंद्रदर्शन. लोकांत रूढ असलेलं गणित असं : ऐंशी वर्षं आठ महिने म्हणजे ९६८ महिने, अडीच वर्षांनी एक याप्रमाणे अधिकमास ३२, बेरीज बरोबर हजार. प्रत्यक्षात अधिकमास एकोणीस वर्षांत सातच येतात, म्हणजे ऐंशी वर्षांत एकोणतीस-तीस. चांद्रमास २९.५३ दिवसांचा धरला, तर हजार चंद्रांना ऐंशी वर्षं दहा महिने लागतात. दोन महिन्यांचा फरक. चांदीच्या चंद्रबिंबाची पूजा त्याने अडत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. ही सगळी गणना पुरुषाच्या वयाची होती. बायको पाटावर शेजारी बसे, तिचं वय कुणी मोजत नसे. आणि विधवेच्या वाट्याला तर पाटही नव्हता. आता कितीतरी घरांत आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं, आजोबा असोत वा नसोत, आणि हा बदल मला या रीतीच्या सगळ्या इतिहासापेक्षा मोलाचा वाटतो. अडचण असते ती तिच्या जन्मतारखेची. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी लिहिलेली १ जून असते, नाहीतर दाखलाच नसतो. मग तिची थोरली बहीण सांगते की ही झाली तेव्हा भाताची लावणी चालू होती, कुणी म्हणतं देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षी. त्यावरून आषाढ ठरतो, साल ठरतं, आणि पंचांग उघडून नातवंडं पौर्णिमा मोजायला बसतात.