चरख्यामागे हरवलेले रंग

नयी तालीम म्हटले की आम्हा साहित्याच्या अध्यापकांना तकली आणि चरखा आठवतो. रंग, कागद आणि माती आठवत नाहीत. हा विसर तपासून पाहण्याजोगा आहे.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून केली. मिश्र माध्यम हा शब्द आपल्याकडे रुळण्यापूर्वीची ही गोष्ट. पुढल्याच वर्षी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम आकाराला आली. १९४५ मध्ये गांधीजींनी तिची कक्षा बालकांपासून प्रौढांपर्यंत, अवघ्या आयुष्याएवढी रुंदावली. याच काळात, १९४४ साली, शांतिनिकेतनात घडलेले देवी प्रसाद सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले. मुलाला चित्रकार करणे हा त्यांचा हेतू नव्हता. कला हाच शिक्षणाचा पाया, हे हर्बर्ट रीड यांच्याशी नाते सांगणारे सूत्र त्यांनी पुढे ग्रंथरूपाने मांडले.

मग हा अध्याय झाकोळला का? आम्हाला वाटते, सूत मोजता येते. मुलाचे चित्र मोजता येत नाही. स्वावलंबनाच्या हिशेबात जे बसले, तेच इतिहासात नोंदले गेले.

आज पालक व मुले शेजारी बसून कातरकाम-चिकटकाम करतात, तेव्हा कोलाजचे ते वर्ग आपल्याला परदेशी नवलाई वाटतात. त्यांची एक वाट सेवाग्रामवरून जाते, एवढे तरी आपण विद्यार्थ्यांना सांगायला हवे.