अकिलीसपुढील दोन प्राक्तने
१. होमरच्या ‘इलियड’मधील नवव्या सर्गाचा संदर्भ. लढाईत परत येण्यासाठी मनधरणीला आलेल्या ओडिसियसला अकिलीस आई थेटिसचे भाकीत सांगतो : ट्रॉयपुढे लढत राहिल्यास घरी परतणे नाही, पण कीर्ती अक्षय, मायदेशी फ्थियाला परतल्यास कीर्ती नाही, पण आयुष्य दीर्घ. तेव्हा तो परतण्याचीच भाषा करतो. निर्णय होतो अठराव्या सर्गात. ट्रॉयच्या हेक्टरपाठोपाठ आपलाही मृत्यू अटळ, हे ठाऊक असूनही तो रणात उतरतो, ते मुख्यतः हेक्टरच्या हातून मेलेल्या मित्र पॅट्रोक्लसच्या सूडासाठी. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात तर मृतलोकातला अकिलीस तिथल्या राजेपणापेक्षा पृथ्वीवरच्या एखाद्या भूमिहीनाकडची मजुरी बरी मानतो. त्यामुळे ‘त्याने कीर्ती निवडली’ हे मूळ मजकुरातले लेखकाचे विधान अर्धेच खरे आहे. — संपा.