न झालेले वादळ आणि झालेली वादळे

जगातील सर्वांत प्राणघातक चक्रीवादळांच्या याद्यांमध्ये मुंबईचे नाव अनेक वर्षे आढळते : ६ जून १८८२, मृत्यू एक लाख. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून हा आकडा वर्गातही पोहोचतो. तो फळ्यावर लिहिण्यापूर्वी एक साधे गणित करू.

१८८१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या होती ७,७३,१९६. एक लाख माणसे मेली असतील, तर दर सात-आठ माणसांमागे एक मेला. असे शहर पुढच्याच आठवड्यात पूर्ववत चालेल का? कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून हवामानाच्या नोंदी होत होत्या. हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले होते. तारयंत्र होते, रेल्वे होती आणि पुण्यात 'केसरी' सुरू होऊन दीड वर्ष झाले होते. एवढा संहार सगळ्यांच्याच लेखणीतून निसटला असेल, हे पटत नाही.

अमिताव घोष यांनी २०१६ मधील आपल्या पुस्तकात मुंबई आणि चक्रीवादळे हा विषय मांडला. हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या धोक्याचा अभ्यास केला; त्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञही होते. १८८२ च्या वादळाला त्या काळचा कोणताही आधार त्यांना सापडला नाही. एका यादीवरून दुसरी यादी तयार होत गेली आणि आकडा पक्का झाला, एवढेच.

खऱ्या वादळाचा माग कसा राहतो, हे इंग्लंडमध्ये पाहता येते. नोव्हेंबर १७०३ मध्ये तिथे प्रचंड वादळ झाले. 'रॉबिन्सन क्रुसो'चा लेखक डॅनियल डिफो याने वर्तमानपत्रांतून आवाहन करून गावोगावची पत्रे मागवली आणि १७०४ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली. कोणत्या गावात काय पडले, हे आजही त्यात वाचता येते.

मग आपला किनारा सुरक्षित आहे का? नाही. मे १६१८ मध्ये मुंबई आणि वसई परिसराला झोडपणाऱ्या वादळाचे वर्णन उपलब्ध आहे. १ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात, गॅझेटियरनुसार, चार तासांत सुमारे हजार माणसे मेली आणि पाच लाख पौंडांची मालमत्ता नष्ट झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये पुन्हा तडाखा बसला. एक खोटा आकडा ऐकून मुले घाबरतात आणि तो खोटा ठरला की निर्धास्त होतात. दोन्ही चूकच.

अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत होतात. ऐन पावसाळ्यात खालच्या आणि वरच्या थरांतील वाऱ्यांचा वेग व दिशा फार वेगळी असते, त्यामुळे वादळाचा उभा स्तंभ टिकत नाही. तयार झालेली बरीच वादळे अरबस्तानाकडे किंवा गुजरातकडे जातात. म्हणून मुंबईवर थेट आघात क्वचित होतो. पण क्वचित म्हणजे कधीच नाही असे नव्हे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' मुंबईजवळून समुद्रातून पुढे गेले, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला.

बाळकुमसारख्या खाडीकाठच्या गावातील शाळेला डिफोचे काम सहज करता येईल. या दोन दिवसांच्या आठवणी मुलांनी घरोघरी विचाराव्यात : वारा कोणत्या दिशेने होता, किती वाजता वाढला, कोणते झाड पडले, खाडीला भरती होती की ओहोटी. नाव, वय, तारीख लिहावी. ऐकीव आणि पाहिलेले वेगळे ठेवावे. नंतर हे सारे वेधशाळेच्या नोंदींशी ताडून पाहावे. पुढच्या पिढीला आकडा मिळेल तेव्हा त्याच्यामागे साक्षीदारही मिळेल.