कच्चा गडी चीत करणे किती अवघड?

तालमीत दहा वर्षे घाम गाळलेला पैलवान आणि अंगाला आखाड्याची माती कधीच न लागलेला धडधाकट माणूस समोरासमोर उभे राहिले, तर निकाल किती वेळात लागेल? चित्रपट सांगतात की क्षणार्धात. गावोगावच्या जत्रांत जोडी लावणाऱ्या पंचांना हे इतके सोपे कधीच वाटले नाही. हा धागा त्यांच्या सावधपणामागच्या कारणांचा आहे. त्यासाठी वाट थोडी वाकडी करून कल्याणच्या चालुक्यांपासून लंडनच्या नाट्यगृहांपर्यंत जावे लागेल.

प्रथम दोन क्रिया वेगळ्या करू, कारण सारा गोंधळ तिथेच आहे. प्रतिस्पर्ध्याला उभ्याचा आडवा करणे म्हणजे ‘खाली घेणे’. त्याचे दोन्ही खांदे एकाच वेळी मातीला टेकवणे म्हणजे ‘चीत करणे’. आजच्या मॅटवरच्या कुस्तीत पहिल्या क्रियेलाही गुण मिळतात. मातीवरच्या निकाली कुस्तीत तिला शून्य किंमत. गडी पालथा पडला, गुडघ्यांवर आला, दहा वेळा तोंडघशी आपटला तरी कुस्ती चालूच राहते. पाठ लागली तरच निकाल. घड्याळाचाही धाक नाही; जुन्या कुस्त्या तासन् तास रेंगाळत आणि कंटाळलेले पंच अखेर ‘बरोबरीत’ म्हणून त्या सोडवत. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधून घेतलेले आणि १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान बशीसारखे खोलगट आहे, ते यासाठीच. शेवटच्या ओळीतल्या शेतकऱ्यालाही मधल्या हौद्यात ते दोन खांदे टेकले की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजे.

आता कच्च्या गड्याकडे वळू. त्याला खाली घेणे बहुधा सोपेच असते. तो ताठ उभा राहतो, पाय जवळजवळ ठेवतो, चालताना पावलांची अढी पडते, आणि सारे लक्ष समोरच्याच्या हातांवर असते. पैलवान खडाखडीत त्याचे मनगट ओढून दस्ती करतो, तो तोल सावरायला पुढे येतो, आणि त्याच क्षणी पैलवान खाली शिरून पट काढतो. पायांवरही हल्ला होतो, हेच ज्याला ठाऊक नाही तो पाय कशाला मागे घेईल? इथवर चित्रपटांचे म्हणणे खरे आहे.

अडचण त्यानंतरची. मुरलेल्या मल्लांची कुस्ती हा एक संवाद असतो. एक डाव टाकतो, दुसरा त्याची तोड करतो, आणि ती तोड येणार हे धरूनच पहिल्याने पुढचा डाव रचलेला असतो. पुष्कळदा पहिला डाव हुलकावणीचाच असतो. कच्च्या गड्याला हुलकावणी कळतच नाही, म्हणून तो फसतही नाही. तोड माहीत नसल्याने तो ती करत नाही आणि पुढच्या डावाला लागणारा जोर समोरून मिळत नाही. तो करतो ते एवढेच: अंग चोरतो, मागे सरतो, हाताला लागेल ते घट्ट धरून लोंबकळतो, आणि खाली गेला की पोट मातीला लावून हात छातीशी घेऊन पडून राहतो. ही शास्त्रशुद्ध कुस्ती नसेल; पण पाठ न लागू देण्याचा मनुष्यजातीला जन्मजात ठाऊक असलेला तो मार्ग आहे. त्यात समोरचा नांगर धरून आणि पोती वाहून घट्ट झालेला, वजनाने वीस किलो जास्त असा निघाला, तर पैलवानाचा दमसास पणाला लागतो.

म्हणूनच जत्रेच्या फडात ‘जोड लावणे’ हे एक स्वतंत्र कसब मानले गेले. सकाळच्या पहिल्या कुस्त्या रेवड्यांवरच्या, लहान पोरांच्या. मग नारळाच्या, मग रोख इनामांच्या. मैदानात फेरी मारणाऱ्या गड्याचा हात वर करून पंच त्याला जोड विचारतात, दोघांना शेजारी उभे करतात, खांदे, मांड्या आणि मान न्याहाळतात, वस्ताद कोण हे विचारतात. वजनकाटा नसलेल्या जगात वजनी गट ठरवण्याची ही पद्धत होती. तालमीचा पोर आणि गावचा रांगडा गडी यांची जोड लावताना वयाचे आणि वजनाचे माप थोडे रांगड्याच्या बाजूने झुकवले, की कुस्ती रंगते. म्हणजेच पंचांच्या लेखी शिक्षणाची किंमत किलोंमध्ये मोजता येत होती.

हा विचार जुना आहे. कल्याणचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांची प्रतवारी ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक, गोवल अशा नावांनी येते. वय, शरीराचा आकार आणि बळ हे तिचे निकष. राजाच्या करमणुकीसाठी मल्ल लढवायचे तर ते तुल्यबळ असावे लागतात, एवढे भान तेव्हाही होते. विषम जोडीत करमणूक नसते. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे, पुष्कळदा प्रामाणिकपणाही नसतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये या प्रश्नावर चक्क धंदा उभा राहिला. युकिओ तानी हा जपानी तरुण १९०० साली तिथे पोहोचला. पुढे विल्यम बँकियर या स्कॉटिश ताकदवीराच्या व्यवस्थापनाखाली तो रंगमंचावरून प्रेक्षकांना आव्हान देऊ लागला: ठरावीक मिनिटे माझ्यासमोर टिका आणि रोख पैसे घेऊन जा. अंगाने तो लहानखुरा. वर चढणारे बहुतेक त्याच्याहून थोराड. तरीही हा खेळ वर्षानुवर्षे चालला. आव्हान हरून पैसे मोजावे लागणारा धंदा इतका काळ टिकत नाही, हा साधा हिशेब. मात्र एक अट होती. आव्हानवीराने जाड कापडाचे जाकीट अंगात घातले पाहिजे. उघड्या, घामट अंगावर पकड निसटते. जाकिटाच्या गळपट्टीवर आणि बाहीवर ती निसटत नाही, शिवाय त्याच गळपट्टीने गळा आवळताही येतो. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्यांना हमखास हरवले ते कौशल्याच्या जोरावर, यात शंका नाही. पण कोणत्या नियमांत लढायचे हेही त्यानेच ठरवले होते, आणि ती अर्धी कुस्ती असते.

याची उलटी बाजू त्याच शहरात १० सप्टेंबर १९१० रोजी दिसली. गामा पैलवानासमोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को उभा होता. झ्बिस्को कच्चा मुळीच नव्हता. तो त्या काळच्या अव्वल मल्लांपैकी एक होता. गामाचे वजन सुमारे २०० पौंड, त्याचे सुमारे २५०. गामाने त्याला पहिल्याच मिनिटात खाली घेतले. मग झ्बिस्कोने जे केले ते कोणत्याही बिचकलेल्या नवशिक्याने केले असते: तो पोट खाली घालून गादीला चिकटला. अडीच तासांहून अधिक काळ गामा त्याला उलटवू पाहत होता आणि तो उलटत नव्हता. कुस्ती अनिर्णित सुटली. प्रेक्षक संतापले, पत्रकारांनी टर उडवली. १७ सप्टेंबरला पुन्हा कुस्ती ठरली, त्या दिवशी झ्बिस्को आलाच नाही. १९२८ साली पतियाळ्यात दोघे पुन्हा भिडले. तेव्हा झ्बिस्को उभ्याने लढला आणि एका मिनिटाच्या आत चीत झाला. तीच दोन माणसे. जिंकण्याची इच्छा धरली तेव्हा तो सेकंदांत हरला. फक्त न हरण्याची धरली तेव्हा जगातला सर्वश्रेष्ठ मल्ल त्याला हलवू शकला नाही. वाचकांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. कच्च्या गड्याचे बळ नेमके कुठे असते, ते त्यांतून कळते.

या प्रश्नाचा एक अप्रिय पैलू महाराष्ट्रातच उघडा पडला. १९५४ साली हमीदा बानू या महिला मल्लाने जाहीर केले की जो पुरुष तिला हरवेल त्याच्याशी ती लग्न करील. त्या वर्षी मे महिन्यात बडोद्याला तिने बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवल्याची बातमी आली. कोल्हापुरात तिने सोमासिंग पंजाबी याला हरवले, तेव्हा मात्र प्रेक्षकांनी हुर्यो उडवून तिच्यावर दगड फेकले. एका बाईने पुरुषाला पाडले हे त्यांना पचले नाही, हे उघड आहे. पण कुस्ती जाणणाऱ्या त्या गावात ‘नुरा’ हा शब्दही प्रत्येकाच्या ओठांवर होता. नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली खोटी कुस्ती. तिच्या कुस्त्यांना मुंबई राज्यात बंदी झाली. तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर असे मिळाले की ती स्त्री आहे म्हणून बंदी नाही. आयोजक तिच्यासमोर नावापुरती बुजगावणी उभी करतात, अशा तक्रारी आहेत. या उत्तरात तथ्य किती आणि सबब किती, यावर वाद होऊ शकतो. हमीदाची ताकद आणि खुराक यांचा मात्र देशभर बोलबाला होता, आणि आयोजकांच्या लबाडीचा ठपका अखेर तिच्याच कारकिर्दीवर बसला. कच्चा गडी समोर उभा केला की जिंकणाऱ्याचे खरे कौशल्यही संशयात जाते.

मग ‘कच्चा’ कोणाला म्हणायचे? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी त्या प्रवासाला पैसे दिले होते. खाशाबा लाल मातीत वाढलेले. मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम यांची त्यांना सवय नव्हती. तिथल्या व्यवहारात ते अक्षरशः न शिकलेले गडी होते. तरी फ्लायवेट गटात ते सहावे आले. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात कवेत घेऊन त्याला कमरेवरून फेकायचे.  मातीत पाठ लावल्याशिवाय काहीच मिळत नाही, म्हणून मातीतला मल्ल गुणांसाठी थांबत नाही, थेट खांद्यांकडे जातो. ही सवय मॅटवर कधी घातक ठरते, कधी समोरच्याला अवाक् करते.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पुन्हा पैसा नव्हता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांची मिरवणूक शंभरहून अधिक बैलगाड्यांतून निघाली. ती ओसरल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले.