कल्याणच्या फलाटावरची झडती

बेल्ट काढा, लॅपटॉप ट्रेमध्ये ठेवा, खिसे रिकामे करा आणि दोन्ही हात पसरून उभे राहा. आपल्या आयटीवाल्यांचा हा नवा योगासनाचा प्रकार झालाय! कुणी कुरकुर केलीच तर मागचा माणूस म्हणतो, "अहो, सिक्युरिटी आहे, करावंच लागतं." खरं आहे. डिसेंबर १९९९मधलं कंदाहारचं विमान अपहरण कोण विसरेल? त्यानंतर फेब्रुवारी २०००मध्ये जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफकडे दिली गेली. तेव्हा तपासणी असावी की नसावी, हा आजचा विषयच नाही.

पण आपल्याला वाटतं की हे सगळं विमानांबरोबर आलं. तसं नाही मंडळी. प्रवाशांना रांगेत उभं करून त्यांचं अंग चाचपण्याचा मोठा प्रयोग आपल्याकडे १८९७ सालीच झाला, आणि तोही रेल्वेत. मुंबईहून आमच्या कर्जत-खोपोलीकडे येणाऱ्या वाटेवर, कल्याण स्टेशनात.

आधी थोडा भूगोल. १८५६ साली लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला, म्हणजे आजच्या खालापूर तालुक्यात. पुढे बोरघाट आडवा. खोपोलीला उतरायचं, पालखीने, तट्टावरून नाहीतर चालत खंडाळा गाठायचा आणि तिथून पुण्याची गाडी पकडायची. १८६३मध्ये घाटातला मार्ग सुरू झाला आणि कर्जतवरून गाडी थेट वर चढू लागली. प्रवास सोपा झाला, पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी माणसं दहा वाटांनी जायची. आता पुण्याची असोत की नाशिकची, सगळी कल्याणच्या एकाच दारातून जाऊ लागली. जिथे दार एकच असतं, तिथे पहारेकरी बसवणं फार सोपं असतं.

पहारेकरी बसला तो प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, पण पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. बोचकी बांधून लोक गावाकडे निघाले. कोकणात, देशावर, आणि अर्थातच आमच्या बाजूलाही. सरकार घाबरलं आणि ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला.

हा कायदा अवघ्या चार कलमांचा. आपल्या ऑफिसातलं रजेचं धोरणसुद्धा याहून लांबलचक असतं! त्यात रेल्वेने किंवा इतर मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार आहे, आणि ज्याच्याबद्दल तपासणी अधिकाऱ्याला 'संशय' येईल त्याला वेगळं काढून ठेवण्याचाही. संशय कशावरून घ्यायचा, हे कायद्यात कुठेही नाही. शेवटचं कलम मात्र एकदम नीट लिहिलेलं आहे: या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कुठल्याही कृतीबद्दल कुणावरही दावा लावता येणार नाही. प्रवाशाच्या बाजूचं कलम किती? शून्य.

प्रत्यक्षात काय व्हायचं? गाडी थांबली की माणसं उतरवायची. डॉक्टर ताप बघणार, डोळे-जीभ बघणार आणि मग गाठी आहेत का म्हणून मान, काखा, जांघा चाचपणार. संशय आला की रवानगी छावणीत किंवा इस्पितळात, आणि कपडे-अंथरूण जंतुनाशकात. सगळ्यात जास्त भोगलं ते थर्ड क्लासच्या प्रवाशाने. आणि बायकांची तपासणी? ज्या काळात बाई परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, त्या काळात भर फलाटावर परक्या माणसाने काखेत हात घालायचा! आडोसा हवा, स्त्री-डॉक्टर हवी, ही मागणी तेव्हाची वर्तमानपत्रं सतत करत होती.

बरं, एवढं करून उपयोग किती? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. प्लेगचा जंतू शरीरात गेल्यावर लक्षणं दिसायला साधारण दोन ते सहा दिवस लागतात. म्हणजे कल्याणला ठणठणीत दिसलेला माणूस पुण्यात आजारी पडू शकतो. आता समजा, गाडीत १००० माणसं आहेत आणि त्यातली २ खरोखर आजारी. समजा, डॉक्टर निम्मे रोगी ओळखतो आणि निरोगी माणसांपैकी शेकडा ५ जणांवर चुकून संशय घेतो. (आकडे माझे, फक्त हिशोबासाठी.) मग तो १ रोगी पकडणार, १ सोडणार आणि जवळजवळ ५० निरोगी माणसांना छावणीत धाडणार. आजार दुर्मिळ असला की चाळणी कितीही चांगली घ्या, तिच्यात मुख्यतः निरपराधच अडकतात. अतिरेकी शोधतानाही हाच हिशोब लागू होतो.

शिवाय खरा प्रवासी वेगळाच होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८मध्ये कराचीत काम करताना दाखवलं की गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो. म्हणजे कल्याणला माणसांच्या काखा तपासल्या जात होत्या, तेव्हा उंदीर आणि पिसवा धान्याच्या पोत्यांतून आरामात घाट चढू शकत होत्या. त्यांना कोण विचारतो? पण डॉक्टरांना तरी दोष कसा द्यायचा? १८९७मध्ये हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं आणि माणसं पटापट मरत होती. सावित्रीबाई फुले याच साथीत रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ला गेल्या. टिळकांनीही पुण्यात प्लेगचं इस्पितळ उभं करायला पुढाकार घेतला. त्यांचा राग उपाय करण्यावर नव्हता, उपाय करण्याच्या पद्धतीवर होता.

पुण्यात पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले आणि २२ जून १८९७च्या रात्री चापेकरांनी गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. इतिहासाच्या पुस्तकात धडा इथे संपतो. मला मात्र त्याच्या शेजारची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, ती गोखल्यांची.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यातल्या एकीने जीव दिला. लंडनमध्ये गदारोळ झाला. सरकार म्हणालं, पुरावा द्या. गोखले परतले तेव्हा साक्ष द्यायला उघडपणे कुणीच पुढे येईना आणि पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगणं त्यांना शक्य नव्हतं. शेवटी या सचोटीच्या माणसाला जाहीर माफी मागावी लागली.

का? कारण नोंद एकतर्फी होती. कुणाला ताप आहे, कुणाला छावणीत टाकलं, याच्या वह्या सरकारकडे होत्या. पण कुणाच्या घरात कोण शिरलं, कुणाला कुणी हात लावला, याची वही कुणाकडेच नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑडिट लॉग होता, पण फक्त युजरचा. ॲडमिनने काय केलं त्याचा लॉगच बंद! वर कायद्याचं शेवटचं कलम ॲडमिनच्या बाजूने.

अशी एकतर्फी वही किती काळ माणसाच्या मागे लागते, ते बघायला कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांवर जावं. इंग्रजांनी या समाजावरही 'गुन्हेगार जमात' असा शिक्का मारला होता. त्या कायद्यात आधी एकेका माणसाचा गुन्हा सिद्ध करायची गरजच नव्हती. जमातीचं नाव यादीत असलं की पुरे. मग त्या यादीतल्या माणसांची नोंदणी, पोलिसांकडे हजेरी, हिंडण्याफिरण्यावर बंधनं. १९५२मध्ये तो कायदा देशभरातून गेला. पण गावात चोरी झाली की आधी कुणाच्या झोपडीकडे बोट जातं, हे आमच्याकडच्या कुणालाही विचारा. कायदा रद्द होतो, शिक्का नाही होत.

आणि १८९७चा कायदा? तो गेलाच नाही. मार्च २०२०मध्ये कोरोना आला तेव्हा महाराष्ट्राने तोच बाहेर काढला. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारला गेला, आणि असे शिक्के असलेल्या चार प्रवाशांना पालघर स्टेशनात गाडीतून उतरवलं गेलं. सव्वाशे वर्षांनी पुन्हा तेच: फलाट, संशय आणि अंगावरची खूण.

आता फरकही सांगायला हवा. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला. सरकारला त्यात शिरायचं तर कायदा हवा, योग्य कारण हवं आणि उपाय कारणाच्या प्रमाणात हवा. हे १८९७च्या प्रवाशाकडे नव्हतं. पण २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे, आणि सद्भावनेचं ते जुनं कलमही आहे. कॉपी-पेस्टची सवय फक्त प्रोग्रॅमरनाच असते असं नाही!

आज खालापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो आणि मी कधी गेलो याची नोंद होते. डिसेंबर २०२२पासून डिजी यात्रेत चेहरा दाखवून विमानतळात शिरता येतं. आता तर डिसेंबर २०२५पासून आमच्याच रायगड जिल्ह्यात नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. रांग लहान झाली तर मलाही हवीच आहे. पण सोय विकत घेताना एक प्रश्न विचारायची सवय आपण, म्हणजे या सिस्टिम लिहिणाऱ्यांनी तरी, लावून घ्यायला हवी. माझी नोंद किती दिवस राहते, हा त्याचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा असा: ती नोंद कुणी उघडली, मला बाजूला का काढलं, कुणी काढलं, याची नोंद कुठे आहे आणि ती मला मागता येईल का?

पुढची रिक्वायरमेंट मीटिंग असेल तेव्हा विचारून बघा. उत्तर "फेज टू" असं आलं, तर गोखल्यांची आठवण काढा.