काचेच्या गोळ्याची साक्ष

जानेवारीतल्या एका रविवारी आईचा फोन आला. आवाज खाली आणून म्हणाली, “एकदा घरी येऊन जा. बाबांचं परत सुरू झालंय बहुतेक.”

काय सुरू झालंय ते विचारावं लागलं नाही. बाबांनी पस्तीस वर्षं सिगारेट ओढली. दीड वर्षापूर्वी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले आणि त्या दिवसापासून पाकीट बंद झालं. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो.

पुण्याहून रात्रीची बस पकडली आणि सकाळी रत्नागिरीत उतरलो. पुरावा गाडीत होता. डॅशबोर्डवर अंथरलेल्या काळ्या मऊ मॅटवर जळल्याचे डाग होते, प्रत्येक डाग हरभऱ्याच्या डाळीएवढा. कोणीतरी पेटती सिगारेट टेकवून ठेवावी तसे, आणि तेही ड्रायव्हरच्या हाताशी. बाबा एकदाच म्हणाले, “मी ओढत नाही.” मग पेपर उघडून पडवीत बसले. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी काय केलं ते लपवत नाही. बाबा आंघोळीला गेल्यावर खुंटीवरचा त्यांचा शर्ट काढून हुंगला. घाम, साबण, थोडं खोबरेल. सिगारेटचा वास नव्हता. पण मी हे कोणाला सांगितलं नाही. मनात म्हटलं, शर्ट धुतला असेल.

दुपारी गाडीत बसून डाग नीट बघितले. सॉफ्टवेअरच्या कामात एक सवय लागते. गडबड का झाली हे विचारण्याआधी ती कधी होते आणि कधी होत नाही, ते बघायचं. सिगारेटचे डाग कुठेही पडतील. हे डाग एका ओळीत होते आणि ओळ सरळ नव्हती, किंचित वाकलेली होती. तीन बोटं रुंदीची कमान, मध्ये एक कोरी फट. वायरिंगचा दोष असता तर मॅट खालून जळली असती. ही वरून जळली होती, खालचं प्लास्टिक जवळजवळ जसंच्या तसं होतं.

दुसरी गोष्ट आणखी विचित्र होती. आई म्हणाली, डाग मार्गशीर्षात पहिल्यांदा दिसले. मे महिन्यात आमच्या खळ्यात उभ्या गाडीचं स्टेअरिंग हाताला चटका देतं, तेव्हा मॅटला काही झालं नाही. मग थंडीतच का जळावी?

त्या वाकड्या ओळीने मला कॉलेजात पाहिलेल्या एका चित्राची आठवण झाली. आता थोडं मागे जाऊ या, दीडशे वर्षांहून जास्त.

१८५३ साली जॉन फ्रान्सिस कॅम्पबेल नावाच्या स्कॉटिश माणसाने लंडनमध्ये एक साधं यंत्र बनवलं. हा गृहस्थ मुळात लोककथा गोळा करणारा, स्कॉटलंडच्या गेलिक कथांचा त्याचा संग्रह आजही वाचला जातो. त्याचं यंत्र म्हणजे लाकडी वाडगा आणि त्यात बसवलेला, पाण्याने भरलेला काचेचा गोळा. ऊन पडलं की गोळा ते एका बिंदूवर गोळा करी आणि वाडग्याचं लाकूड जळे. सूर्य आकाशात सरके तसा बिंदूही सरके आणि लाकडात रेघ कोरली जाई. ढग आला की रेघ तुटे. उन्हाने स्वतःच्या हाताने लिहिलेली ती रोजनिशीच होती.

१८७९ साली जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या गणितज्ञाने वाडग्याच्या जागी धातूची चौकट आणली आणि तिच्यात कागदी पट्ट्या सरकवायची सोय केली. पट्ट्यांसाठी तीन खाचा असतात: एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची, एक मधल्या दिवसांची. कारण सूर्य वर्षभर एकाच उंचीवरून जात नाही. संध्याकाळी पट्टी काढायची, जळालेली लांबी मोजायची. आज किती तास ऊन होतं ते कळतं. हे कॅम्पबेल-स्टोक्स यंत्र जगभर पसरलं. १८७५ साली स्थापन झालेल्या आपल्या भारतीय हवामान खात्याच्या वेधशाळांतही ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. त्याला ना वीज लागते ना चावी. त्यातला एकही भाग हलत नाही. हलतो तो फक्त सूर्य.

काच आणि उन्हाची ही ओळख मात्र कॅम्पबेलच्या कितीतरी आधीची आहे. यास्काचार्यांचं ‘निरुक्त’ हा वेदांतल्या शब्दांचा अर्थ लावणारा ग्रंथ. त्याच्या सातव्या अध्यायात ‘वैश्वानर’ म्हणजे नेमका कोणता अग्नी, यावर वाद चालला आहे. पृथ्वीवरचा अग्नी सूर्यापासून जन्मतो हे दाखवायला यास्क चक्क एक प्रयोग सांगतात. घासून लख्ख केलेलं कांस्य किंवा मणी उन्हात धरा, समोर सुकं शेण ठेवा, स्पर्श होऊ देऊ नका; शेण पेट घेतं. शब्दार्थाच्या ग्रंथात प्रयोगशाळेची कृती! आणि त्यातही ‘स्पर्श न करता’ ही अट आवर्जून घातलेली.

त्या मण्याला पुढे ‘सूर्यकांत’ हे नाव रुळलं. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दुष्यंत तपस्व्यांबद्दल बोलताना त्याची उपमा देतो. वरून शांत, आत जाळणारं तेज. हाताला गार लागणाऱ्या सूर्यकांतासारखं. उपमा सुंदर आहेच, पण निरीक्षणही अचूक आहे. भिंग स्वतः तापत नाही, जळतं ते पलीकडचं. म्हणून तर त्याच्यावर संशय येत नाही.

ग्रीसमध्ये हीच गोष्ट विनोदासाठी वापरली गेली. ख्रिस्तपूर्व ४२३ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ॲरिस्टोफेनिसच्या ‘ढग’ या नाटकात कर्जाने पिचलेला एक म्हातारा शक्कल लढवतो. खटल्याची नोंद मेणाच्या पाटीवर लिहिली जात असताना लांब उभं राहून भिंगाने ऊन पाडायचं आणि आपलं नाव वितळवायचं. रोमन लेखक प्लिनीने तर पाण्याने भरलेले काचेचे गोळे उन्हात ठेवले तर कपडे पेटू शकतात, अशी नोंद करून ठेवली आहे. ती वाचल्यावर मी गाडीतली पाण्याची बाटली आधी बाहेर काढली. पण बाटली मागच्या सीटवर होती. ती निर्दोष होती.

रत्नागिरीत राहणाऱ्याला याच शास्त्राचं मोठं रूप रोज दिसतं. रत्नदुर्गाच्या सिद्ध बुरुजावर दीपगृह आहे. ओगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने दीपगृहांसाठी पायऱ्यापायऱ्यांचं भिंग तयार केलं आणि १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहात ते पहिल्यांदा लागलं. जाड भिंगाचं वजन आणि काच वाचवून तेवढंच काम करणारी ही युक्ती जगभरच्या किनाऱ्यांवर गेली. मधोमध ठेवलेल्या दिव्याचा चहूकडे पसरणारा उजेड हे भिंग गोळा करतं आणि सरळ झोतात समुद्रावर पाठवतं.

पण प्रकाशाची वाट दोन्ही दिशांनी सारखीच असते. रात्री आतून बाहेर जाणारा उजेड ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने दिवसा ऊन आत येऊ शकतं आणि नेमकं दिव्याच्या जागी एकवटू शकतं. म्हणून जगभरच्या दीपगृहांत रखवालदारांचं एक ठरलेलं काम असे. सकाळी दिवा मालवला की काचेच्या खोलीला पडदे लावायचे. जहाजं वाचवणारं भिंग दिवसा झाकलं नाही, तर स्वतःचाच दिवा जाळू शकतं.

हे शहाणपण पुढे कधीतरी विसरलं गेलं असावं. कारण २०१३ च्या ऑगस्टअखेरीस लंडनमध्ये एका माणसाची जॅग्वार गाडी रस्त्याकडेला उभ्या उभ्या वितळली. दोनेक तासांनी तो परत आला, तर बाजूचा आरसा वाकलेला, पत्र्यालगतचं प्लास्टिक सुरकुतलेलं. गुन्हेगार समोरच होता: २०, फेनचर्च स्ट्रीट ही बांधकाम चालू असलेली उंच इमारत. तिची दक्षिणेकडची काचेची भिंत आत वळलेली होती, म्हणजे कित्येक मजली अंतर्गोल आरसाच. वर्षाच्या त्या दिवसांत, दिवसाचे साधारण दोन तास, सूर्य अशा उंचीवर येई की ऊन थेट त्या रस्त्यावर एकवटे. एका वार्ताहराने तिथे तव्यात अंडं तळून दाखवलं. बांधकाम कंपनीने गाडीच्या दुरुस्तीचे ९४६ पौंड भरले, पार्किंगच्या काही जागा बंद करण्यात आल्या आणि पुढच्या वर्षी भिंतीवर उन्हाला अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवल्या. वास्तुरचनाकार होते राफाएल विनयोली. त्यांनीच रचलेल्या लास व्हेगासमधल्या एका वळणदार हॉटेलाच्या पोहण्याच्या तलावापाशी २०१० मध्ये एका पाहुण्याचे केस होरपळले होते आणि प्लास्टिकची पिशवी वितळली होती.

हेच ऊन लगाम घालून वापरता येतं, त्याचा नमुना आपल्याच राज्यात आहे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ साली ७३ अंतर्गोल तबकड्या बसवल्या गेल्या. ऊन गोळा करून पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचं जेवण शिजवायचं. या तबकड्यांची रचना वोल्फगांग शेफलर या शास्त्रज्ञाची. फेनचर्च स्ट्रीटवर जे चुकून झालं तेच इथे ठरवून केलं जातं. फरक इतकाच, की उन्हाचा बिंदू कुठे पडणार हे इथे आधी विचारलेलं असतं.

आता परत आमच्या खळ्यात.

डॅशबोर्डवर मधोमध एक काचेचा गोळा होता. आतमध्ये लेझरने कोरलेला गणपती, खाली छोटी बैठक, एकूण आकार मोठ्या लिंबाएवढा. काचेचा भरीव गोळा ऊन फार लांब नेत नाही. गोळ्याच्या पाठीमागे त्रिज्येच्या साधारण निम्म्या अंतरावर बिंदू पडतो. म्हणजे लिंबाएवढ्या गोळ्यासाठी जेमतेम दोन सेंटिमीटर. डागांची कमान बरोबर तिथेच होती, गोळ्याला कवेत घेतल्यासारखी.

मग थंडीचं कोडं सुटलं. आमची गाडी रोज एकाच जागी, तोंड दक्षिणेला करून उभी असते. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात इथे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा ऊन गाडीच्या टपावर पडतं, गाडी तापते, पण गोळ्यापर्यंत थेट किरण पोचत नाही. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कलून जेमतेम ५० अंश उंचीवर असतो आणि समोरच्या काचेतून सरळ आत येतो. शिवाय २१-२२ डिसेंबरच्या मागेपुढे महिनाभर ही उंची एखाद्या अंशानेच बदलते. म्हणजे बिंदू रोज त्याच रेघेवर फिरतो. एका दिवसाचा चटका कदाचित दिसलाही नसता. महिनाभराचे चटके एकावर एक बसले.

आणि मधली कोरी फट? बाराच्या सुमारास मी खळ्यात उभा राहिलो. दक्षिणेकडच्या माडाच्या झावळ्यांची सावली सरकत गाडीच्या काचेवर आली, थोडा वेळ थांबली, पुढे गेली. कॅम्पबेलच्या यंत्रात ढग जे करतो, ते इथे माडाने केलं होतं.

तरी खात्री हवी. बादलीभर पाणी शेजारी ठेवून गोळा बाहेर उन्हात मांडला, मागे वर्तमानपत्रातला काळा फोटो धरला. थोड्याच वेळात धुराची बारीक रेघ वर आली. आई पायरीवर उभी होती. तिने गोळ्याला हात लावून बघितला. गार होता.

तो गोळा गाडीत कोणी ठेवला होता? मी. बाबा हॉस्पिटलमधून घरी आले, त्यानंतरच्या दिवाळीला पुण्याहून आणला होता, गाडीत राखण असावी म्हणून. आमच्या भाषेत सांगायचं तर बग शोधत शोधत शेवटी माझ्याच कोडपर्यंत पोचलो.

आईने गणपती उचलला, पदराने पुसला आणि माजघरातल्या कपाटात ठेवला, जिथे ऊन पोचत नाही. बाबांना ती काही बोलली नाही. चहा मात्र त्यांच्या आवडीचा, आलं घालून केला.

संध्याकाळी मी पडवीत बाबांच्या शेजारी बसलो आणि सगळं समजावून सांगितलं: कॅम्पबेल, सूर्यकांत, माडाची सावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग समोर बघतच विचारलं, “त्या दिवशी शर्ट हुंगलास ना माझा? आला होता वास?”

“नाही.”

“मग तेव्हाच सांगायचंस ना आईला.”

एवढं बोलून ते उठले, चावी घेतली आणि गाडी वळवून तोंड उत्तरेला करून लावली.