उजीजीच्या बंदरावरचा नाशिकचा माणूस

पूर्व आफ्रिकेतील टांगानिका हे सुमारे ६७० किलोमीटर लांबीचे, जगातील दुसऱ्या क्रमांकाचे खोल, गोड्या पाण्याचे सरोवर. त्याच्या पूर्व तीरावर उजीजी हे लहानसे बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात येथे मीठ, कापड, हस्तिदंत आणि माणसे विकली जात. पैलतीरावरून पकडून आणलेले गुलाम होड्यांतून उतरवले जात आणि तांड्यांबरोबर महिनोन्‌महिने चालवत समुद्राकडे नेले जात.

असे समुद्रापर्यंत पोहोचलेले सारेच गुलाम परमुलखात विकले गेले नाहीत. ब्रिटिश युद्धनौकांनी गलबते अडवून काहींना सोडवले व मुंबईस आणले. त्यांतील अनेक मुले नाशिकला, चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वसाहतीत वाढली. आजचा शरणपूर रोड तिचेच नाव सांगतो. तेथे ती अक्षरे शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईस आला. पुढच्या वर्षी तो आफ्रिकेच्या अंतर्भागात शिरला, तेव्हा शरणपूरचे नऊ तरुण त्याच्यासोबत होते. ज्या मुलखातून लहानपणी त्यांना ओढून नेले होते, त्याच मुलखात ते आता मोकळे चालत होते. वाटेत मात्र साखळदंडांतले तांडे भेटतच होते. १८७१ मध्ये उजीजी येथे स्टॅन्लीने लिव्हिंगस्टनला गाठले. ती भेट जगप्रसिद्ध आहे. त्या वेळी लिव्हिंगस्टनच्या मोजक्या सोबत्यांत नाशिकचा एडवर्ड गार्डनर होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. (चुमा यालाही पुष्कळदा नाशिकचा म्हणतात, तो मुंबईत शिकलेला.)

१८७२ मध्ये स्टॅन्लीने पाठवलेल्या कुमकेत नाशिकचे आणखी काही तरुण होते. जेकब वेनराइट त्यांपैकी एक. १ मे १८७३ च्या सुमारास आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याचे हृदय झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि खोडावर नाव व तारीख कोरली. मग देह वाळवून, कापडात गुंडाळून त्यांनी तो सुमारे दीड हजार किलोमीटर किनाऱ्यापर्यंत वाहून नेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनप्रसंगी शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकबही होता.

शरणपूरचे बरेचसे आफ्रिकी पुढे मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउन येथे गेले. या वसाहतीला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले होते. उजीजीचे महत्त्वही टिकले नाही. १९१४ मध्ये रेल्वे सरोवराला येऊन भिडली, पण शेजारच्या किगोमा येथे. कारण तेथील बंदर अधिक सोयीचे होते. जेकबसोबत तो देह वाहणारा शरणपूरचा मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला.